लेनोरचं घर, लेनोरचे पैसे

लेनोरला घरी सांभाळणं आता आपल्याच्यानं होणार नाही, हे रेइनो कांगसने पहिल्यांदा कबूल केलं ते नोव्हेंबरातल्या एका सकाळी, जुन्या हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी. हॉस्पिटल बंद होऊन वीस वर्षं झाली होती. आत आता भाड्याने दिलेली घरं होती. लेनोर अंगात रेइनोचा शिकारीचा कोट आणि पायात घरातल्या सपाता अशी ते दार ओढत उभी होती. ताज्या बर्फात तिच्या पावलांचा माग घराच्या पायरीपासून इथवर अर्धा मैल सरळ आला होता. कुठे अडखळली नव्हती की वळली नव्हती.

"दार का उघडत नाहीत हे लोक?" ती त्याच्यावरच खेकसली. "माझी ड्युटी सुरू झालीये. मुली खोळंबल्या असतील."

"आज तुझी सुट्टी आहे, लेनोर."

"कुणी सांगितलं?"

"मेट्रननं."

"मग मला फोन करायला तिला काय झालं होतं?" असं तणतणत ती गाडीत बसली. रेइनोने तिच्या सपाता काढून पाय आपल्या मांडीवर घेतले आणि चोळायला लागला. दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. दहा मिनिटांनी त्यांत रंग आला, तेव्हा लेनोर कळवळली, आणि रेइनोला हायसं वाटलं.

रेइनो तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. बत्तीस वर्षं त्याने काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवला होता. कॅल्युमेट गावाच्या आसपासचा एकेक चढ, एकेक वळण त्याला पाठ होतं. बोलणं मात्र बेताचं. डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नसे, त्यामुळे लोकांशी बोलताना तो मान थोडी तिरकी धरायचा, आणि नवख्यांना वाटायचं की हा आपल्यावर विश्वास ठेवत नाही. लेनोर त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तिने सगळं आयुष्य नर्स म्हणून काढलं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली असतील.

चार वर्षं त्याने तिला घरी निभावलं होतं. तिच्या चुका तो आपल्या अंगावर घ्यायचा. किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या की, "मीच ठेवल्या गं, लक्षात राहत नाही आताशा," म्हणायचा. तिने एकाच दुपारी तीन वेळा कॉफी केली तर तीन वेळा प्यायचा. स्वयंपाक शिकला. पास्टीचं, म्हणजे मांसाच्या करंजीचं, सारण तिला आवडायचं तसं, सलगम जास्त घालून, करायला लागला. पण त्या सकाळी तो जेमतेम वीस मिनिटं अंघोळीला गेला होता, आणि तेवढ्यात हे झालं.

त्याने मुलीला फोन लावला. कार्ला ग्रीन बेला राहायची, गाडीने चार तासांवर.

"बाबा, मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"मी येते शनिवारी. आपण जागा बघू."

"तू ये. पण जागा मी बघेन," रेइनो म्हणाला.

पहिला धक्का बसला तो पैशांचा. म्हातारपणाच्या सरकारी विम्यातून डॉक्टर मिळतो, हॉस्पिटल मिळतं, मोडलेलं खुब्याचं हाडही बसवून मिळतं. पण विसरत चाललेल्या माणसाला कुणीतरी न्हाऊ-खाऊ घालावं, दारापाशी थांबवावं, याचा एक डॉलरही मिळत नाही. फोनवरच्या बाईने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की रेइनोला दोनदा विचारावं लागलं. स्मृती गेलेल्यांसाठीच्या घरांचे दर महिन्याला पाच हजारांपासून पुढे. आणि रेइनो-लेनोरची दोघांची मिळून मिळकत होती तेहतीसशे.

दुसरी अडचण अशी की सगळी घरं सारखीच छान दिसत. गुळगुळीत पत्रकं, पियानो, काचेच्या भांड्यात बिस्किटं. कार्लाबरोबर त्याने सहा जागा पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हसतमुख बाई त्यांना फिरवून आणी. परत येताना कार्ला विचारायची, "कशी वाटली?" आणि तो म्हणायचा, "पत्रकासारखी."

कार्ला परत गेल्यावर तो थांबून राहिला. ती रोज फोन करून विचारायची, ठरलं का. तो म्हणायचा, अजून नाही. तिला वाटलं, म्हातारा टाळाटाळ करतोय.

तो वाट बघत होता वादळाची.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते आलं. दीड दिवसात तीस इंच. शाळा बंद, बँक बंद, रेडिओवर घराबाहेर पडू नका म्हणून सारखं सांगत होते. रेइनोने शेजारच्या आयलीला लेनोरपाशी बसवलं आणि पिकअपला पुढे बर्फ लोटायचं पातं लावून निघाला. त्याचं म्हणणं साधं होतं: चांगल्या दिवशी कुणीही चांगलं वागतं. निम्मी माणसं कामावर पोचू शकत नाहीत त्या दिवशी आतल्या म्हाताऱ्यांचं काय होतं, ते बघायचं.

पहिल्या घरात दुपारचा दीड वाजला तरी सगळे अजून झोपायच्या कपड्यांतच होते आणि टीव्हीचा आवाज मोठा केलेला होता. दुसऱ्या ठिकाणी पियानोवाल्या हॉलमध्ये एकच मुलगी बावीस जणांचं करत होती आणि करता करता रडत होती. रेइनोने तिला तासभर मदत केली, एका म्हाताऱ्याला सूप पाजलं आणि ते नाव मनातून खोडलं. तिसऱ्यात त्याला दारातूनच परत पाठवलं: "आज भेटीची वेळ बंद आहे."

चौथं होतं टॅमरॅक हाऊस. यादीतलं सगळ्यात साधं. पियानो नाही, फरशी जुनी, गालिचा एका कोपऱ्यात विरलेला. दार उघडलं ते मालकिणीनेच. जोआन सालो, पन्नाशीची, आडव्या बांध्याची, हातात ओलं फडकं.

"रस्ता साफ करायला आलात? देवासारखे आलात. पुढची शिफ्ट खालच्या वळणावर अडकलीये."

"मी जागा बघायला आलोय."

जोआनने त्याच्याकडे, मग बाहेरच्या बर्फाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "आज?"

"आजच."

"मग बघा. पसारा आहे. रागावू नका."

आत बारा जण जेवायला बसले होते. स्वयंपाकी एप्रन न काढताच एका आजीला भरवत होता, आणि तिच्याशी बेसबॉलवर वाद घालत होता. प्रत्येकाच्या पायात मोजे होते; ज्याचे त्याचे, जोडीचे. प्रत्येकाचा चष्मा पुसलेला होता. रेइनो मोज्यांकडेच बघत राहिला. जोआन म्हणाली, "काल सकाळपासून मी आणि हा पीट, दोघंच आहोत. रात्री आळीपाळीनं झोपलो. आज अंघोळी झाल्या नाहीत कुणाच्या. खोटं नाही सांगत."

रेइनोने बाहेर जाऊन वळणापर्यंतचा रस्ता साफ केला, अडकलेल्या तिघींना पिकअपमध्ये घालून आणलं, आणि मग आत येऊन विचारलं, "किती घेता?"

"चोपन्नशे."

"मला परवडत नाही," रेइनो म्हणाला. "पण आणतो तिला."

जानेवारीत लेनोर तिथे गेली. पहिले तीन आठवडे वाईट गेले. ती दाराशी उभी राहून त्याचा कोट धरायची. "मी काय केलं, सांग ना. सांगितलंस तर मी पुन्हा नाही करणार." त्या दिवसांत रेइनो गाडीत बसून अर्धा-अर्धा तास किल्ली फिरवत नसे. मग हळूहळू लेनोर रुळली. तिची अशी समजूत झाली की हा वॉर्ड आहे आणि आपण इथल्या सिस्टर. कुणाची चादर नीट करायची, कुणाची नाडी बघायची. जोआनने तिला एक जुनी वही आणि पेन्सिल दिली. लेनोर तीत सगळ्यांची नोंद ठेवायला लागली. रेइनो रोज दहाला जायचा, तर त्याचीही नाडी बघितली जायची. "बरी आहे," ती म्हणायची, "पण सिगारेट सोडा." त्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. "सोडतो," तो म्हणायचा.

पैसे मात्र वितळत होते. शिलकीतले पहिले गेले. मग वडिलांच्या वेळची चाळीस एकरांची राई त्याने विकली. पुढचे महिने त्यावर निघत होते. त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने पुन्हा लोकांच्या अंगणातला बर्फ काढायची कामं धरली. कॅफेत दोस्त चिडवायचे, "काय रे रेइनो, काउंटीनं परत बोलावलं वाटतं?" तो म्हणायचा, "घरी करमत नाही."

तो काउंटीच्या मदत कार्यालयातही जाऊन आला होता. खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं होतं, "तुम्ही सैन्यात होतात का, मिस्टर कांगस?"

"नाही. कानामुळे घेतलं नाही."

"मग हा भाग सोडून देते," असं म्हणून तिने पान उलटलं होतं. रेइनो त्या उलटलेल्या पानाकडे बघत गप्प बसला होता.

कारण सैन्यात लेनोर होती.

तेविसाव्या वर्षी ती आर्मीची नर्स म्हणून व्हिएतनामला गेली होती. प्लेइकूच्या लष्करी इस्पितळात एक वर्ष. बारा-बारा तासांची ड्युटी, हेलिकॉप्टरं आली की त्याहून जास्त. परत आली, रेइनोशी लग्न केलं, आणि वर्षभराने एकदा, एकदाच, गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलवर गेली. अंगात गणवेश, केस नीट बांधलेले. दारातल्या माणसाने हसून विचारलं, "मग, नवरा कुठल्या तुकडीत होता तुमचा?" ती म्हणाली, "मी होते." आत सगळे हसले. कुणी वाईट बुद्धीने हसलं असेल असं नाही. पण हसले.

घरी येऊन तिने पदकं आणि कागद बिस्किटांच्या डब्यात कोंबले आणि रेइनोला समोर बसवलं. "यांच्याकडून मला एक सेंट नको. यांच्या कुठल्या यादीत माझं नाव नको. तू कुणाला सांगायचं नाहीस. पोरं झाली तर त्यांनाही नाही. शपथ घे." त्याने घेतली. पंचेचाळीस वर्षं पाळली. त्याला गावात लोक भागूबाई म्हणाले, युद्धाच्या वेळी घरी बसलेला म्हणाले. अशा वेळी बायकोचं नाव पुढे करून गप्प करता आलं असतं. त्याने तेही केलं नाही.

आणि आता माजी सैनिकाला, स्वतःचं स्वतःला करता येत नसेल तर, दर महिन्याला सरकारकडून मदत मिळते, हे त्याने कॅफेत एकाकडून ऐकलं होतं. राईचे पैसे आणखी आठ महिने पुरले असते. कार्लाने मार्क्वेटकडचं स्वस्त नर्सिंग होम शोधून ठेवलं होतं. खोलीत तिघी, आणि शंभर मैल दूर.

तो विचार करून करून थकला. मग त्याला वाटलं, जिला शब्द दिला तिलाच विचारावं.

सकाळी दहाची वेळ लेनोरची त्यातल्या त्यात शुद्धीची असायची. रेइनो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. खिडकीशी तिच्यासमोर खुर्ची ओढून, ऐकू येणारा कान तिच्याकडे करून बसला.

"लेनोर, मी तुला एक शब्द दिला होता. सैन्याबद्दल. त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणून."

"बरं."

"आता मला ते घ्यावे लागतील असं दिसतंय. तुला इथे ठेवायला. घेऊ का?"

लेनोरने वही मिटली. "काम केलं होतं का मी?"

"केलं होतंस. फार केलं होतंस."

"बसायला मिळायचं नाही तिथे," ती म्हणाली. "बूट पायातून निघायचे नाहीत, इतके पाय सुजायचे." मग तिने पुन्हा वही उघडली. "तुमचं नाव काय म्हणालात?"

"रेइनो."

"छान आहे. माझ्या नवऱ्याचंही तेच आहे."

याला होकार म्हणायचं की नाही, ते रेइनोला ठरवता येईना. पाय सुजायचे म्हणाली, म्हणजे हक्क सांगितला? की नुसतीच आठवण? दुसरा कुणी असता तर आपल्या सोयीचा अर्थ काढून मोकळा झाला असता. रेइनो तीन दिवस ते डोक्यात घोळवत राहिला. चौथ्या दिवशी त्याने नाताळच्या जुन्या कार्डांतून एक नंबर शोधला आणि जॉर्जियातल्या ओडेसाला फोन लावला.

ओडेसाही नर्सच; प्लेइकूला ती लेनोरच्या शेजारच्या पलंगावर झोपायची. दर नाताळला तिचं कार्ड यायचं. रेइनोशी ती आयुष्यात दोनदा बोलली असेल. त्याने तिला सगळं सांगितलं. इतकं लांब तो कुणाशी कधी बोलला नव्हता.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ओडेसा म्हणाली, "तू वर्षभर चोपन्नशे भरतोयस, आणि गप्प बसलायस?"

"शब्द दिला होता."

"अरे देवा. ऐक, रेइनो. मलाही असंच विचारलं होतं लोकांनी. मला तर हॉलच्या आतसुद्धा येऊ दिलं नाही; एक तर बाई, त्यात काळी. मीही वीस वर्षं काही घेतलं नाही. मग एक दिवस वाटलं, मी नाही घेतलं तर त्यांचं काय जातंय? त्यांना तर बरंच आहे. आता दर महिन्याला घेते. आणि सही करताना पूर्ण नाव लिहिते, हुद्द्यासकट."

"पण ती नको म्हणाली होती."

"ती सव्वीस वर्षांची होती, आणि चिडली होती. ते हसले म्हणून चिडली होती, पैसे देत होते म्हणून नव्हे. तिचं नाव त्यांना दिसलंच नाही, हे तिचं दुखणं. आणि तू ते आणखी लपवून ठेवलंस की दुखणं कमी होणार आहे?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तू शब्द पाळलास. तिला असा माणूस मिळाला म्हणून मी तेव्हाही तिचा हेवा करायचे. आता मी तिची मैत्रीण म्हणून तुला त्यातून सोडवते. जा, डबा काढ."

त्याने त्याच दुपारी डबा काढला. झाकण गंजून बसलं होतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटावं लागलं.

माजी सैनिकांचे अर्ज भरून देणारा ट्रेंट नावाचा माणूस होता. तरुण, स्वतः इराकला जाऊन आलेला. त्याने कागद पुढे ओढला. "बसा. कुठल्या तुकडीत होतात?"

"मी नाही. माझी बायको."

ट्रेंट हसला नाही. त्याने डब्यातला कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वरपासून वाचला. "लेफ्टनंट. प्लेइकू. अडुसष्ट-एकोणसत्तर." मग वर बघून म्हणाला, "तुम्ही याआधी काउंटीच्या कार्यालयात येऊन गेलात, असं इथे दिसतंय. तेव्हा कुणी हे विचारलं नाही?"

"मला विचारलं. तिच्याबद्दल नाही विचारलं." आणि मग, सगळा दोष त्या खिडकीतल्या मुलीवर जाऊ नये म्हणून त्याने पुढे जोडलं, "मीही सांगितलं नाही. तो दोष माझा."

मागचे पैसे मिळणार नव्हते. अर्ज केला त्या दिवसापासूनचेच. ट्रेंटला हे सांगताना वाईट वाटलं. रेइनो म्हणाला, "राई तशीही म्हातारी झाली होती."

कार्लाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने ऐकलं आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी चार तास गाडी चालवून आली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पदकं मांडून बसली आणि रडता रडता बापावर ओरडली. "आई युद्धात होती, आणि मला हे चव्वेचाळिसाव्या वर्षी कळतंय? मी शाळेत निबंध लिहिला होता, आठवतं? माझे आजोबा सैनिक होते म्हणून! तिने तो वाचून शुद्धलेखन तपासून दिलं होतं, बाबा!"

"आठवतं."

"आणि तू तिथेच बसला होतास!"

"बसलो होतो," रेइनो म्हणाला. "ती वाचत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आज सांगेल."

कार्लाने डोळे पुसले, आणि बराच वेळ बापाचा हात सोडला नाही.

पाच महिन्यांनी मंजुरी आली. महिन्याला एकवीसशेच्या आसपास. आता लेनोरचा खर्च भागत होता. रेइनोच्या स्वतःच्या किराणापुरतं बर्फ काढून मिळायचं. मार्क्वेटचा विषय पुन्हा निघाला नाही. रेइनोने मंजुरीचं पत्र लेनोरला वाचून दाखवलं, तिच्या पूर्ण नावासकट, हुद्द्यासकट. तिने लक्षपूर्वक ऐकलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते त्याने बघितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ओडेसा आली. गुडघे दुखत असताना, तीन विमानं बदलून. रेइनोने तिला विमानतळावरून आणताना वाटेत दोनदा बजावलं, "ती ओळखणार नाही हं. मनाला लावून घेऊ नकोस."

"मी नर्स आहे, रेइनो," ओडेसा म्हणाली. "मला शिकवू नकोस."

लेनोर व्हरांड्यात उन्हात बसली होती. ओडेसा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. लेनोरने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, भुवया चढवल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "जाडी झालीस."

ओडेसा इतकी मोठ्याने हसली की पीट स्वयंपाकघरातून काय झालं ते बघायला आला. "आणि तू?" ती म्हणाली. "तू काय गं, राणीसारखी बसलीयस उन्हात!" लेनोरही हसायला लागली, का ते न कळता. दोघी हातात हात धरून तशाच हसत राहिल्या.

रेइनो थोडा वेळ पायरीवर उभा राहिला. मग त्या दोघींना बोलू द्यावं म्हणून आत जाऊन त्याने जोआनला विचारलं, "कॉफी आहे का? तीन कप लागतील."